काना

आठवी ब च्या बेचाळीस वह्या.
त्यातल्या एकोणीस जणांनी विकरचा विकार केलाय.
'लाळेत विकार असतो.'
'विकारांमुळे अन्न चांगले पचते.'
लाल पेनानं एकेक काना खोडतेय.
वर्गात दोनदा सांगितलं होतं,
एक पचवतो, एक झोपवतो,
मध्ये फक्त उभी रेघ.

भाकरीचा घास चावायला लावला होता त्यांना,
न गिळता, साठ मोजेपर्यंत.
मधल्या बाकावरची सुलक्षणा भोपळे
तोंड भरलेलं असतानाच ओरडली,
"बाई, गोड लागायलंय!"
कुणी साखर टाकली नव्हती.
पिठातली लांब साखळी लाळेनं तोडली होती,
कडी कडी सुटी करून.
मग वर्गभर चपचप चपचप,
आणि घाटगे सर दारात येऊन उभे,
तपासणी आहे की पंगत, ते न कळून.

घरी आप्पांना हेच सांगायचं तर भाषा बदलावी लागते.
चुरगळलेले कान, दारात वाकून यायची सवय,
एके काळी दिवसाला चार लिटर म्हशीचं,
वर थंडाई, वर तूप.
"विकर म्हणजे पैलवान, आप्पा.
पण प्रत्येकाची जोड ठरलेली.
पिठाचा गडी मटणाशी हात मिळवत नाही,
तुपाचा गडी साखरेकडे बघतसुद्धा नाही.
पकड बसली की समोरच्याचे दोन तुकडे,
आणि हा, अंगाला माती न लागता,
पुढच्या कुस्तीला उभा.
सेकंदाला शेकडो."
"आणि दम?"
"दम नाही लागत. आखाडा लागतो.
जठरातल्याला आंबट माती हवी,
आतड्यातला आंबटात उभाच राहत नाही.
फार तापवलं तर सगळ्यांचीच पकड सुटते."

आप्पा बराच वेळ पोटावर हात ठेवून बसले.
"मग माझा कुठला पळाला?"
"दुधाचा. पळाला नाही, त्याची भरती थांबली.
वयानं थांबते, पुष्कळांची थांबते.
दुधातली साखर आता बिनजोड,
कुणी अडवत नाही, सरळ खाली उतरते,
आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू
तिच्यावर जत्रा भरवतात.
रात्री वाजतो तो ढोल त्यांचा."
"हां."
"दही खावा. त्यातली थोडी आधीच कुणीतरी फोडलेली असते."
"दुसऱ्यानं पाडलेला गडी मी चीत करू व्हय?"

गोळी आहे तशी, दुधाआधी घ्यायची.
मगदूम डॉक्टरांनी लिहून दिली.
पाकीट फ्रीजवर आहे, न फोडलेलं.

परवा गंगावेशीत औषधाच्या दुकानात उभी होते,
नऊ वाजले असतील.
समोर रस्त्याकडेला म्हशी, पितळी चरवी,
धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस.
तिथं आप्पा.
मला सांगून गेलेले, रंकाळ्याला फेरी मारतो.
ग्लास घेतला, दिव्याकडे धरला,
वास घेतला,
आणि शेजारच्या तालमीतल्या पोराच्या हातात दिला.
पोरगं पीत असताना
आप्पांनी त्याचं कोपर दोन बोटांनी आत ढकललं,
एक पाय मागं घ्यायला लावला.
एवढंच.
पोरगं उभं होतं तिथंच वेगळं उभं राहिलं.
मी गोळ्यांचे पैसे द्यायला वळले,
परत बघितलं तर ग्लास आप्पांच्या तोंडाला.

"रंकाळ्यावर गार वारा होता," म्हणाले आल्यावर.
मिशीवर पांढरी रेघ.

शेवटची वही राजवर्धन चौगलेची.
'विकार म्हणजे जो दुसऱ्याला बदलतो
आणि स्वतः अजिबात बदलत नाही.'
पेन कान्यावर टेकवलं.
भिंतीपलीकडे ढोल सुरू झाला होता.